निर्यातीचे पैसे अडकू नयेत म्हणून स्विफ्ट कोड समजून घ्या

द्राक्ष, डाळिंब, आंबा निर्यात करताना कीडनाशकांचे अंश, पॅकिंग, कंटेनरचे तापमान यांकडे आपण बारीक लक्ष देतो. बिलावरील बँकेचा तपशील मात्र घाईत भरला जातो. कोडचे एक अक्षर चुकले, तरी रक्कम मध्येच अडकते किंवा खरेदीदाराकडे परत जाते.

स्विफ्ट कोडची रचना

देशात एनईएफटी, आरटीजीएससाठी आयएफएससी कोड लागतो. परदेशातून रक्कम येण्यासाठी स्विफ्ट कोड लागतो. यालाच बीआयसी म्हणतात. तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो.

• पहिली ४ अक्षरे : बँक
• पुढील २ : देश (भारतासाठी आय, एन)
• पुढील २ : ठिकाण
• शेवटची ३ : शाखा (८ अक्षरी कोडमध्ये नसतात)

उदा. भारतीय स्टेट बँकेचा ८ अक्षरी कोड एस-बी-आय-एन, आय-एन, बी-बी असा आहे.

गल्लत कशी टाळावी?

आयएफएससी कोडही ११ अक्षरांचाच असतो, त्यामुळे घोटाळा होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : आयएफएससीमध्ये पाचव्या जागी शून्य असतो, तर भारतीय बँकेच्या स्विफ्ट कोडमध्ये पाचव्या व सहाव्या जागी आय, एन असतात.

गावातील शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड नसतो, असे बऱ्याचदा आढळते. अशा वेळी इंटरनेटवरून कोड उचलू नये. परकीय चलनाचे व्यवहार कोणत्या शाखेमार्फत होतात, हे शाखेत विचारून कोड लेखी घ्यावा.

बिलावर काय लिहावे?

• खात्यावर आहे तसेच पूर्ण नाव व खाते क्रमांक
• बँक व शाखेचा पत्ता, स्विफ्ट कोड
• मध्यस्थ बँकेचा तपशील (बँकेने सांगितल्यास)
• बँकेचे शुल्क कोणी भरायचे, हे सौद्यातच ठरवावे. अन्यथा रक्कम कमी जमा होऊ शकते.

युरोपातील खरेदीदार आयबीएएन मागतात. भारतात ही पद्धत नाही. खाते क्रमांक व स्विफ्ट कोड द्यावा.

फसवणुकीपासून सावध

‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा आपल्या नावाने बनावट ई-मेल खरेदीदाराला पाठवून रक्कम वळवली जाते. खाते बदलल्याचा निरोप आला, तर फोनवर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, असे खरेदीदाराला पहिल्याच सौद्यात सांगून ठेवावे.

रक्कम उशिरा आल्यास खरेदीदाराकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागवून आपल्या बँकेत द्यावी. त्यावरून पैसे कोठे थांबले, याचा शोध घेता येतो.