चौकट : उपचारासाठी प्रवास, मुळशी आणि परिसर

वैद्यकीय पर्यटन : शस्त्रक्रिया, दंतोपचार, वंध्यत्वावरील उपचार यांसाठी केलेला प्रवास. मुक्कामाचे गाव रुग्णालय ठरवते.

आरोग्य पर्यटन : आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, आहारनियमन. इथे हवा, पाणी, शांतता हीसुद्धा उपचाराचाच भाग. मुळशीचा वाटा मुख्यतः या प्रकारात.

मुळशीत काय? पुणे जिल्ह्यातल्या या तालुक्याचे ठिकाण पौड. धरण टाटांचे, विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातले; विस्थापनाविरुद्धचा सेनापती बापटांचा सत्याग्रह याच धरणाचा. आज त्याच जलाशयाकाठी ‘आत्मनतन’ हे निवासी आरोग्यकेंद्र आहे. लवळ्याला सिंबायोसिसचे विद्यापीठ रुग्णालय. सर्वांत जवळचा विमानतळ लोहगावचा.

जुनी परंपरा : पुणे जिल्ह्यात उपचारासाठी येऊन राहणे नवे नाही. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींच्या प्रेरणेने 1946 मध्ये सुरू झाला. पुढे तो मणिभाई देसाईंनी सांभाळला.

व्हिसा
• परदेशी रुग्णांसाठी ई-मेडिकल व्हिसा : मुदत 60 दिवस, तीनदा प्रवेश.
• सोबत्यांसाठी वेगळा व्हिसा. एका रुग्णामागे जास्तीत जास्त दोघे.
• आयुष व्हिसा : 2023 पासून, भारतीय पद्धतीच्या उपचारांसाठी.

पैसा कुठे जातो? उपचार, निवास, जेवण, टॅक्सी, दुभाषी, औषधे. रुग्णासोबत नातेवाईक येतात, मुक्कामही लांबतो. त्यामुळे माणशी खर्च साध्या सहलीपेक्षा जास्त.

निवडताना : रुग्णालयाला एनएबीएच (भारतीय) किंवा जेसीआय (आंतरराष्ट्रीय) मानांकन आहे का, ते आधी तपासावे. रिसॉर्टमधला ‘स्पा’ म्हणजे रुग्णालय नव्हे.