वाकलंय तिथं वाकवा

भाद्रपदात केजहून अंबाजोगाईकडे निघालं की दोन्ही बाजूंना शेंगांवर आलेलं सोयाबीन दिसतं. त्या रविवारी पिशवीत दोन टू-एच पेन्सिली, कर्कटक, भिंग, जाड कागद आणि दशम्या एवढंच सामान होतं. सोबत वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक होते. मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत कळलावी फुलली असेल, तिचं चित्र काढायचं, एवढाच बेत.

चंदनसावरगावच्या अलीकडे एका रोपवाटिकेत चहाला थांबलो. हिरव्या शेडनेटखाली बाया अठ्ठ्याण्णव कप्प्यांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून मिरचीचं बी टोबत होत्या. सर म्हणाले, "इंग्लंडात काचघर बांधतात ते ऊब धरून ठेवायला. लंडनजवळच्या क्यू बागेतलं ताडमाडांचं काचघर 1848 साली पुरं झालं, ते त्याचसाठी. आपलं शेडनेट ऊन अडवायला." कळलावी तिकडे काचघरात जपावी लागते. आमच्याकडे ती बाभळीवर चढते.

दरीत उतरताना तशीच सापडली. बोराटीच्या जाळीवर चढलेली, फुलं खाली मान घातलेली आणि पाकळ्या मात्र वर उलटलेल्या, जशा ज्वाळा. अग्निशिखा हे नाव उगीच पडलेलं नाही. सरांनी तोडू दिली नाही. "सगळ्या झाडात विष आहे, कंदात तर जास्तच. त्यातलंच कोल्चिसिन सांधे सुजणाऱ्या गाऊटवर औषध म्हणून देतात, पण ते मापानं." हा कंद नांगरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून संस्कृतात तिचं नाव लांगली.

आधी मोजणी. पाकळ्या सहा, पुंकेसर सहा. कर्कटकाची टोकं पाकळीच्या बुडाशी आणि शेंड्याशी धरायची, तेच अंतर कागदावर टेकवायचं. अंदाजाला जागा नाही. पाकळीच्या कडेला किती लाटा आहेत, तेही मोजायचं. पहिलं पान मी चटकन काढलं, लांबट आणि टोकदार. सरांनी खोडरबर पुढे केला. "हे आंब्याचं झालं. हिच्या पानाचं टोक बघा." टोक गोल वळून बोराटीच्या काटकीला विळखा घालून बसलं होतं. पानच तणाव्याचं काम करत होतं. त्याच्याच जोरावर वेल वर चढते.

दुसरी चूक मोठी होती. फुलाच्या मधोमध हिरवं अंडाशय, त्याच्या टोकाला कुक्षिवृंत. तो अंडाशयापाशीच काटकोनात बाजूला वळला होता. मला वाटलं, कुणाचा धक्का लागून मोडला. मी तो नीट सरळ काढला. सर हसले. "तो मोडलेला नाही. वाकलंय तिथं वाकवा." शेजारची चार फुलं भिंगातून पाहिली. चारही तशीच. कुक्षी आपल्याच परागकोशांपासून लांब राहावी, दुसऱ्या फुलाचे पराग मिळावेत, म्हणून हे वळण. मी फुलाची दुरुस्ती करायला निघालो होतो.

दशम्या खाताना सरांनी 'हॉर्टस मलबारिकस'ची गोष्ट काढली. कोचीनच्या डच कारभाऱ्याने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड काढवले. ते 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी त्यात मदत केली. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. आपली कळलावी त्यात 'मेंदोणी' या मल्याळी नावाने, सातव्या खंडात आहे. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेतही 1847 ते 1850 च्या दरम्यान डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी झाडांची चित्रं काढवून घेतली. ती आज एडिंबरात आहेत. चित्रकाराचं नाव कुठं नोंदलेलं नाही.

मोबाईलमध्ये फोटो होताच, मग एवढा खटाटोप का, हे मी विचारलं. उत्तर वेलीवरच होतं. नुकतं उमललेलं फूल हिरवट पिवळं, मग शेंडे लाल, शेवटी सगळं गडद लाल. कळी, पिवळं फूल, लाल फूल, पानाचा तणावा आणि जमिनीतला कंद हे सगळं एका कागदावर शेजारी शेजारी येतं ते चित्रातच. फोटोत त्या घटकेला समोर असेल तेवढंच.

ढग दाटले तशी आम्ही रंगांचे ठिपके समासात लावले, प्रत्येकापुढे वेळ लिहिली आणि केजची गाडी पकडली. कागदाचा उजवा कोपरा मुद्दाम कोरा ठेवला आहे. तिथं बोंड यायचं आहे, आतल्या लाल बियांसकट. ते वाळून तडकेल तेव्हा पुन्हा दरीत जावं लागेल; तोवर चित्र अपुरंच.