फिरते घर, मुका सोबती आणि येडगावचा काठ

पाळलेल्या कुत्र्यामुळे ज्यांचा प्रवास खुंटला आहे, अशी कुटुंबे आपल्या समाजात आता थोडीथोडकी नाहीत. मुले नोकरीनिमित्त दूर, घरात दोघेच आणि त्या दोघांच्या पायांत घोटाळणारा तिसरा. धर्मशाळेत त्याला प्रवेश नाही, हॉटेलांत क्वचितच. शेजाऱ्यांकडे ठेवावे तर तो अन्नाला तोंड लावत नाही. अशा जोडप्यांना अलीकडे कॅराव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराचा, मार्ग सापडला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी आणले. गाडीतच झोपण्याची सोय, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असते. जैन कुटुंबाला तिचे आकर्षण आणखी एका कारणाने वाटते. स्वयंपाकघर आपले असते. गाळलेले पाणी, कंदमुळांविना भाजी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, यांसाठी कोणाचे आर्जव करावे लागत नाही. मात्र अशी गाडी विकत घेण्याच्या मोहात सहसा पडू नये. वर्षातले अकरा महिने दारात उभ्या राहणाऱ्या वस्तूत लाखो रुपये अडकवण्यात व्यवहार नाही. दोन-तीन दिवसांपुरती भाड्याने घ्यावी आणि कुत्रा सोबत असल्याचे करारात आधीच नमूद करून घ्यावे.

असे एखादे जोडपे डिसेंबरातल्या सकाळी पुण्याहून नाशिक रस्त्याला लागले, की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव मागे टाकत दुपारच्या आत पिंपळवंडीच्या परिसरात पोहोचते. जवळच कुकडी नदीवरचा येडगावचा जलाशय आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने या भागाचा चेहरामोहराच बदलला. ओझरचा विघ्नहर याच पाण्याच्या काठी आहे. खोडद आणि आसपासच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. शिवनेरी आणि लेण्याद्री तर सर्वांना ठाऊकच आहेत. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, तो उगीच नव्हे.

गाडी मात्र थेट पाण्याच्या काठाशी नेऊ नये. धरणाची जमीन शासनाची असते, तिथे परवानगी लागते. शिवाय पाणी ओसरलेल्या काळ्या मातीत जड गाडीचे चाक रुतले, तर ट्रॅक्टर बोलावल्यावाचून ते निघत नाही. कृषी पर्यटन केंद्रात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगणात, पाणी दिसेल इतक्या अंतरावर मुक्काम करणे उत्तम. भांडी घासलेले साबणाचे पाणी जलाशयाकडे वाहू देऊ नये. त्या पाण्यातले असंख्य जीव आणि ते पिणारी माणसे, दोघांचाही विचार त्यात आला.

इथवरचे सारे नियोजनाचे झाले. या भागात कुत्रा घेऊन येणाऱ्याने जी गोष्ट मनाशी पक्की बाळगायची, ती वेगळीच आहे. धरणे झाली, कालवे आले, बारमाही ऊस उभा राहिला आणि त्या उसात बिबट्याने घर केले. मादी उसाच्या फडात पिल्ले देते. तोडणीच्या वेळी ती उघडी पडतात. बिबट्याला ऊस खायचा नसतो, दडायचा असतो. खाण्यासाठी त्याला वस्तीजवळ सहज मिळते ते कुत्रे. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा माणसाने पाळलेल्या किंवा माणसाच्या आश्रयाने वाढलेल्या प्राण्यांचा होता. त्यात एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शहरातल्या गालिच्यावर वाढलेला सोबती येडगावच्या काठी उतरला, की त्याच्या नकळत या हिशेबात जमा होतो.

म्हणून त्याला साखळीने गाडीच्या चाकाशी बांधून ठेवणे ही इथली सर्वांत घातक चूक. मोकळा कुत्रा निदान पळू तरी शकतो. बांधलेला पळूही शकत नाही. पण मोकळे सोडणेही योग्य नाही, कारण अनोळखी वासामागे तो उसात शिरेल. या पेचाचे उत्तर आपल्या आचारशास्त्रात फार पूर्वीच शोधलेले आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे पाचही मुख्यतः आश्रित जीवांविषयीचे आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यातल्या बंधाविषयी जुन्या टीकाकारांनी बारीक विवेक केला आहे. निष्कारण आणि निर्दयपणे बांधणे हा दोष. कारणपरत्वे बांधावे लागलेच, तर गाठ सैल असावी, आग लागली तर ती झटकन सुटावी. काठावर फिरताना पट्टा धन्याच्या हातात असणे आणि मुक्काम गाडीच्या आत असणे, हा त्याच विवेकाचा आजचा अर्थ. दुपारी बंद गाडीत त्याला एकटे ठेवून दोघांनी दर्शनाला जाणे, हेही त्याच यादीत बसते. उन्हात उभी गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. एकाने थांबावे, दुसऱ्याने जावे. मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र घालणाऱ्या जीवंधरकुमाराची कथा आपल्याकडे श्रद्धेने सांगितली जाते. त्या जीवाचा पुढे यक्ष झाला. कुत्रा जिवंत असताना त्याची इतकी तरी काळजी घेणे अवघड नाही.

त्याच्या आहाराविषयी एक सूचना इथे विशेष महत्त्वाची. जुन्नर हा द्राक्षांचा तालुका. यजमान शेतकरी प्रेमाने घड पुढे करतो आणि पाहुणे दोन मणी कुत्र्यालाही देतात. द्राक्षे आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात. एक मणीही देऊ नये. कांदा आणि लसूणही त्याला विषारीच. जैन घरातला कुत्रा त्या धोक्यापासून बहुधा आपोआपच वाचलेला असतो.

डिसेंबरात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या जोडप्याचे जेवण तोवर आटोपलेले असते, हा या मुक्कामात मोठाच लाभ. बाहेर चूल पेटवून रात्री उशिरापर्यंत बसण्याची हौस या मुलखात परवडणारी नाही. उष्टे, खरकटे बाहेर ठेवले की गावातली भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. वस्तीजवळ तो धीट झाला की पिंजऱ्याची मागणी होते. पकडलेल्यांपैकी काहींचे उरलेले आयुष्य माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात गजांआड जाते. कुत्रा आणि बिबट्या, दोघेही संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंच. एकाला कुशीत घ्यायचे आणि आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याला बंदिवासात धाडायचे, हे श्रावकाला शोभत नाही. शेतकऱ्याची बाजूही पाहुण्याने ओळखावी. शेतीची वीज अनेकदा रात्रीच येते, म्हणून त्याला अंधारात पाणी धरायला जावे लागते. तो तिथे सहलीला गेलेला नसतो. त्याच्या तोंडून बिबट्याविषयी कडू शब्द निघाला, तर त्याला अहिंसेचा पाठ देऊ नये. त्याने ज्या माणसांना आणि जनावरांना गमावलेले पाहिले, ती त्याच्या ओळखीची होती.

रात्री सोबती अचानक कान टवकारून गुरगुरू लागला, तर विजेरी घेऊन बाहेर डोकावू नये. दार बंद ठेवून त्याच्या पाठीवर हात फिरवत बसावे. चांगले उजाडल्यावर पट्टा हातात धरून काठाकडे जावे. ओल्या मातीत कधी ठसे दिसतात. कुत्र्याच्या पंजापुढे नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या नखे आत ओढून चालतो, त्याच्या ठशात बोटे चार आणि नख एकही नसते.