दोन चमचे रक्त कशासाठी?

गेल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. वय ३८. हातात तपासणीचा कागद आणि डोळ्यांत पाणी. कुठल्याशा सवलतीच्या ‘संपूर्ण तपासणी’त त्यांची सी. ए. १२५ ही रक्तचाचणीही केली होती. आकडा आला ६२ आणि शेजारी छापले होते, ‘३५ पर्यंत सामान्य’. शेजारणीने सांगितले, हा कॅन्सरचा आकडा. बाई दोन रात्री झोपल्या नव्हत्या.

मी त्यांना आधी पाळीबद्दल विचारले. पाळीत असह्य दुखते, असे त्या म्हणाल्या. सोनोग्राफीत अंडाशयावर ‘चॉकलेट सिस्ट’ दिसली. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर भलत्या जागी वाढण्याच्या विकारात अशी गाठ होते आणि त्यात हा आकडा वाढतो. गर्भारपण, पाळीचे दिवस, ओटीपोटाची सूज, पोटाचा क्षय यांतही तो वाढतो. उलट अंडाशयाचा कर्करोग अगदी सुरुवातीचा असेल, तर सुमारे निम्म्या स्त्रियांत तो वाढलेला नसतोच.

मग ही चाचणी आली कुठून? १९८१ साली अमेरिकेत बॉस्टन येथे डॉ. रॉबर्ट बास्ट आणि सहकाऱ्यांनी या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारे एक प्रतिपिंड तयार केले. त्यातून सी. ए. १२५ हा घटक रक्तात मोजता येऊ लागला. उपचार लागू पडतात की नाही, हे पाहायला तो आजही उपयोगी आहे. पण अंडाशये पोटात खोल असतात, सुरुवातीला फारसे दुखत नाही, म्हणून बहुतेक स्त्रिया रोग पसरल्यावरच येतात. रोग अंडाशयापुरता असताना सापडला, तर दहांपैकी नऊजणी पाच वर्षांनंतरही हयात असतात. म्हणूनच रक्तातली अधिक खात्रीची खूण शोधण्यासाठी जगभर धडपड चालू आहे.

या धडपडीत खारीचा वाटा मीही उचलला आहे. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मी मुंबईच्या एका रुग्णालयात संशोधनासाठी रक्ताचे नमुने गोळा करत असे. काम दिसायला सोपे. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे रक्त घ्यायचे. अर्धा तास गोठू द्यायचे, यंत्रात फिरवून वरचा पिवळसर रक्तरस वेगळा करायचा, छोट्या कुप्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवायचा. कुपीवर नाव नाही, फक्त क्रमांक. वहीत वय, पाळी चालू की बंद, औषधे आणि रक्त घेतल्याची वेळ.

एकदा सातारा भागातल्या एक मावशी दाखल झाल्या. लिहितावाचता येत नव्हते, म्हणून साक्षीदारासमोर मी संमतिपत्र वाचून दाखवले. त्यांनी विचारले, ‘‘पोरी, ह्या रगताचा मला काय उपेग?’’

मी म्हटले, ‘‘मावशी, तुम्हाला काहीच नाही. पुढे येणाऱ्या बायकांना कदाचित होईल. नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.’’

‘‘माझ्या नातीला व्हईल का?’’

‘‘झाला तर आनंदच आहे.’’

त्यांनी अंगठा उठवला. मी रक्त घेतले आणि तेवढ्यात बाह्यरुग्ण विभागातून बोलावणे आले. नळी खिडकीपाशी उन्हात राहिली. परतले तेव्हा चार तास उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच शस्त्रक्रिया झाली आणि नंतरचे रक्त आमच्या कामाचे नव्हते. गाठ काढण्याआधीचे रक्त पुन्हा मिळणे नाही! वहीत अर्धा तास लिहिले असते तर कुणाला कळलेही नसते. तो मोह मला झाला, हे कबूल करते.

पण असे केल्याने काय होते? रक्त गरम जागी ताटकळले की पेशी फुटतात, प्रथिने बदलतात. मग संशोधकाला रोगाची खूण म्हणून दिसते, ती खरी निष्काळजीपणाची खूण असते. २००८ साली अमेरिकेत सहा प्रथिनांवर आधारलेली एक चाचणी बाजारात आली. त्यात प्रोलॅक्टिन होते आणि ते नुसत्या ताणाने, भुलीच्या औषधांनीही वाढते. रुग्णांचे रक्त शस्त्रक्रियेच्या वेळी आणि निरोगी स्त्रियांचे निवांतपणी घेतले, तर फरक दिसणारच, अशी शंका शास्त्रज्ञांनी काढली. सरकारी औषध प्रशासनाच्या आक्षेपानंतर काही महिन्यांतच ती चाचणी मागे घेतली गेली.

ब्रिटनमध्ये २००१ पासून पाळी थांबलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. दरवर्षी सी. ए. १२५ केल्याने काहींचा रोग लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. म्हणून काहीही तक्रार नसताना ‘पॅकेज’मध्ये ही चाचणी करून घेऊ नका.

मात्र भगिनींनो, पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, दोन घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे यांपैकी काही नव्याने सुरू झाले आणि दोन-तीन आठवडे टिकले, तर ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका. पन्नाशीनंतर तर मुळीच नाही. डॉक्टरांकडून तपासून सोनोग्राफी करून घ्या. आई किंवा बहिणीला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तेही जरूर सांगा.

आणि मावशी? नमुना मी बाद केला. चार दिवसांनी त्यांच्या खाटेपाशी जाऊन खरे काय ते सांगितले. त्या रागावतील असे वाटले होते. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘व्हायचं ते झालं. आता फुडच्या बाईचं तरी नीट ठेव.’’

त्यानंतर रक्ताची नळी हातात असताना मी कुणाच्याही हाकेला ओ दिली नाही.