अक्षराची चौकट आणि संगणकाचा पडदा

बुलढाणा जिल्ह्याचें नांव कागदोपत्रीं दोन प्रकारें लिहिलेलें आढळतें. कोणी ‘बुलडाणा’ लिहितात, कोणी ‘बुलढाणा’. डोळ्यांना ओळखण्याची खूण काय ती ‘ढ’च्या शेवटचा लहानसा वळसा. बोरूनें लिहिणारास तो देण्यास क्षणहि लागत नाहीं. संगणकाच्या पडद्याला मात्र तो नीट देतां येण्यास कित्येक वर्षें लागलीं. दोष अक्षराचा नव्हता. पडद्याचीं जीं मापें यंत्र बनविणाऱ्यांनीं ठरविलीं, त्यांत या वळशाला जागाच नव्हती. सातबाराच्या उताऱ्यावर ज्याचें नांव यावयाचें, त्या शेतकऱ्याला एका वळशाची किंमत सांगावी लागत नाहीं.

पडद्यावरील प्रत्येक आकृति बारीक बिंदूंची बनलेली असते. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, तेव्हां पडद्याकरितां दोन प्रकारचीं कार्डें दिलीं. कार्ड म्हणजे यंत्राच्या पेटींत खांचेत बसविलेली विद्युत्-मंडलाची पाटी. पडद्यावर काय उमटावयाचें हें ती ठरविते. यांपैकीं एमडीए हें केवळ मजकुरासाठीं व सीजीए हें रंगांसाठीं होतें. मजकुराकरितां पडदा ८० रकाने व २५ ओळी असा आंखलेला असे. म्हणजे २,००० चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीच्या वांट्यास दोनच बाइट स्मृति येई. एका बाइटांत अक्षराचा अंक, दुसऱ्यांत त्याचें रंगरूप. सारा पडदा ४,००० बाइटांत भागे. त्या काळीं स्मृति महाग होती, तेव्हां ही काटकसर शहाणपणाचीच म्हटली पाहिजे. अक्षरांच्या आकृति कार्डावरच कायमच्या कोरलेल्या असत. अंक आला कीं त्या अंकाची आकृति चौकटींत बसे.

आतां या चौकटींत देवनागरी बसवून पाहावी. सीजीएची चौकट आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच. शिरोरेघेस एक ओळ द्यावी, वरच्या मात्रेस व अनुस्वारास दोन, खालच्या उकारास दोन. अक्षराच्या धडासाठीं उरल्या तीन ओळी! तीन ओळींत ‘ड’ आणि ‘ढ’ निराळे दाखवावयाचे कसे? ‘खामगांव’ लिहावें तर तो ‘रवामगांव’ वाचला जाण्याची धास्ती. एमडीएची चौकट नऊ बाय चौदा बिंदूंची, म्हणजे जरा ऐसपैस. पण अडचण केवळ जागेची नव्हती. एका बाइटांत २५६ आकृतींची सोय होते. इंग्रजीस ती पुरून उरते. आपलीं जोडाक्षरें मोजूं गेल्यास तेवढ्यानें भागत नाहीं. शिवाय ‘चिखली’ या शब्दांत ऱ्हस्व वेलांटीचा उच्चार ‘च’च्या नंतर होतो, पण ती लिहिली जाते ‘च’च्या आधीं. एका अंकास एक चौकट, इतकेंच जाणणाऱ्या यंत्राला ही उलटापालट कशी कळावी?

या प्रश्नाचें एक उत्तर पुण्यांत तयार झालें. कानपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें देवनागरी संगणकावर काम चाललें होतें; १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाल्यावर तें तेथें पुढें नेण्यांत आलें, आणि ‘जिस्ट’ नांवाचें कार्ड लोकांच्या हातीं आलें. हें कार्ड बसविलें कीं मूळ इंग्रजीसाठीं रचलेल्या कार्यक्रमांतहि भारतीय लिप्यांतील मजकूर भरतां व वाचतां येई. वेलांटी मागें नेणें, जोडाक्षर जुळविणें, हीं सारीं कामें कार्ड करी. कार्यक्रमास त्याचा पत्ता लागत नसे. त्यामागील अंकांची व्यवस्था भारतीय मानक ब्युरोनें १९९१ सालीं आयएस १३१९४ या मानकानें पक्की केली. मराठी ‘क’, बंगाली ‘क’ आणि कानडी ‘क’ यांना तींत एकच अंक दिला होता, ही कल्पना मोठी नामी होती.

दरम्यान पडदाहि बदलत होता. बिंदूबिंदूनें चित्र काढण्याची सोय सीजीएमध्यें होती, पण उंची २०० बिंदूंचीच. मराठी ओळीस अंतरासह २४ बिंदू दिले, तर आठच ओळी मावत. १९८७ सालीं आलेल्या व्हीजीएची उंची ४८० बिंदूंची. तींत वीस ओळी सुखानें राहतात. ६४० बाय ४८० बिंदू आणि सोळा रंग यांना १,५३,६०० बाइट लागतात. एवढी स्मृति तोंवर परवडूं लागली होती. ‘ढ’चा वळसा आतां खुशाल वळूं लागला. पुढें विंडोज २००० मध्यें देवनागरीचा अंतर्भाव झाल्यावर वेगळ्या कार्डाची गरज उरली नाहीं.

मानकें नसतील तर काय होतें, याचाहि एक नमुना आहे. एमडीए आणि सीजीए यांच्या जोडण्या सारख्याच नऊ टोकांच्या, पण संकेतांची गति निराळी. चुकीच्या कार्डास जोडलेला पडदा बिघडण्याचें भय असे. निरनिराळे कारखानदार आपापलीं मापें काढूं लागले, तेव्हां त्यांनीं १९८९ सालीं व्हेसा ही संघटना स्थापन करून ८०० बाय ६०० बिंदूंचें माप सर्वांसाठीं ठरविलें. १९९४ पासून तर पडदा स्वतःची माहिती १२८ बाइटांत लिहून कार्डास कळवूं लागला. म्हणूनच आज मेहकरास घेतलेला पडदा चिखलीच्या कचेरींतील कोणत्याहि बनावटीच्या यंत्रास विनातक्रार चालतो, आणि २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा जो सातबारा मिळूं लागला, तो घरच्या पडद्यावरहि सारखाच दिसतो.

एक घोटाळा मात्र राहिलाच आहे. जगभर रूढ असलेल्या युनिकोड या मानकांत ‘ड’चा क्रमांक ०९२१ आणि ‘ढ’चा ०९२२. डोळ्यांना वळशाएवढाच भासणारा फरक यंत्रास पुरता परका अंक वाटतो. एखाद्या यादींत ‘बुलडाणा’ नोंदलेलें असून कोणी ‘बुलढाणा’ शोधूं लागल्यास, दोन्ही एकच समजावीं असें कोणीं आधीं सांगून ठेवलेलें नसेल, तर पडदा तीं नांवें रेखीवपणें दाखवील. पण शोध रिकामा परत येईल.