दुसऱ्या रिमोटची पिन

भंडाऱ्याच्या आमच्या घरी व्हिडिओ गेम आला 1997 च्या उन्हाळ्यात. तेव्हा गोंदियाही आमच्याच जिल्ह्यात होतं. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांचे डबे त्या काळी मिळत. सोबतच्या कॅसेटवर नऊच्या आकड्यांची लांबलचक रांग छापलेली असायची आणि आत खरे गेम पंधरा-वीसच, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकायची, परत लावायची. कॉन्ट्राच्या सहाव्या स्टेजला पोहोचावं आणि लाइट जावी. त्या गेमला सेव्ह नव्हतं. लाइट आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून.

डब्याला रिमोट दोन. जॉयस्टिक हा शब्द आमच्या गल्लीत कुणी वापरत नव्हतं, रिमोटच. एकावर मी, दुसऱ्यावर शेजारचा मित्र. धाकटी बहीण मागे उभी राहून हट्ट धरायची. ‘हट, तुयाच्यानं नाही होत,’ हे आमचं ठरलेलं उत्तर. फारच रडली तर दुसरा रिमोट तिच्या हातात द्यायचो, पण त्याची पिन डब्याला लावायचो नाही. ती मनापासून बटणं दाबायची. पडद्यावरचा माणूस आपणच पळवतोय असं तिला वाटायचं. ज्या दिवशी तिला जमिनीवर पडलेली पिन दिसली, त्या दिवशी ती रडली नाही. रिमोट खाली ठेवून उठली आणि पुन्हा कधी डब्याजवळ आली नाही.

गेल्या पंधरा वर्षांत अवघड गेमांवरून जगभर जी भांडणं झाली, त्यांच्या प्रत्येक फेरीला मला ती पिन आठवली. गेम सोपा करता यावा की नाही, मदत घेऊन जिंकलेला खरा खेळाडू की खोटा, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारावरूनच परत पाठवायचं, हा सगळा वाद आम्ही भंडाऱ्यातल्या एका खोलीत, दोन रिमोटांवर, आधीच करून बसलो होतो.

कॉन्ट्रात तीन लाइफ मिळायच्या. वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए असं सुरुवातीच्या पडद्यावर दाबलं की तीस. हा मंत्र आमच्या गल्लीत कुठून आला कुणास ठाऊक, पण सगळ्या पोट्ट्यांना पाठ होता. लगेच दोन जाती पडल्या, तीनवाले आणि तीसवाले. तीनवाले आठव्या स्टेजपर्यंत क्वचितच पोहोचायचे, पण मान त्यांचा. तीसवाल्यानं शेवटचा बॉस मारला तरी ‘त्याचं काय, तीस लाइफ होत्या’ असं म्हणून तो विजय वहीतून खोडला जायचा. मी तीनवाला होतो आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

त्या मंत्राची खरी गोष्ट फार उशिरा कळली. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो 1986 साली ग्रेडियस हा गेम पार्लरच्या मशीनवरून घरच्या डब्यावर आणण्याचं काम करत होते. गेम तपासायचा तर शेवटपर्यंत खेळावा लागणार, आणि तो त्यांनाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी बटणांचा हा क्रम आत घातला. तो तसाच राहून गेला, बाहेर पडला, आणि पुढे कंपनीनं कॉन्ट्रात तीस लाइफसाठी तोच वापरला. म्हणजे आम्ही ज्याला नामर्दपणा म्हणत होतो, ती वाट गेम बनवणाऱ्याच माणसानं स्वतःच्या गरजेपोटी काढलेली होती. हाशिमोतो 2020 च्या फेब्रुवारीत वारले. बातमी वाचताना बालमित्रांपैकी निदान तीन तीसवाल्यांची माफी मागावी असं मला वाटलं.

पार्लरमध्ये वेगळा न्याय होता. रुपयाचं नाणं टाकायचं आणि ‘मुस्तफा’ खेळायचा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण ते नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. किंग ऑफ फायटर्स 97 वर जिंकला तो मशीनवर उभा राही, हरलेल्याचं नाणं गेलं. पार्लरच्या अनेक मशीनमध्ये अवघडपणा कमीजास्त करायची सोय मालकाच्या हाती असते. पोरं फार वेळ टिकायला लागली की गेम कडक करायचा, एवढंच गणित. आम्ही ज्या अवघडपणाची शपथ घेत होतो तो मालकाच्या गल्ल्याच्या हिशेबानं बसवलेला असू शकतो, हे त्या वयात डोक्यात येणं शक्य नव्हतं.

पुढे सायबर कॅफे आले. तिथे व्हाइस सिटीचे चीटकोड पोरं शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आणायची. ‘पॅन्झर’ टाइप केलं की रणगाडा हजर. त्यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. भांडणं व्हायची काउंटर-स्ट्राइकवर, कारण तिथे समोर दुसरा माणूस होता. मोठी स्नायपर घ्यायची नाही, एका कोपऱ्यात दबा धरून बसायचं नाही, असे नियम कॅफेतले दादा लोक करायचे आणि तेच मोडायचे. नवख्याला तासाचे पैसे भरून फक्त मरायला मिळायचं.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि 2018 मध्ये मोबाइलवर पबजी. माझ्या मते आमच्या जिल्ह्याच्या खेळण्याच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. लाखनी, साकोली, पवनी, मोहाडी, जिथे पार्लर नव्हतं आणि कॅफेही धड नव्हता, तिथली पोरं एका फटक्यात मैदानात आली. धानाचे चुकारे निघाले की घरात नवा फोन यायचा आणि संध्याकाळी पारावर चार डोकी खाली वाकलेली दिसायची. पण मैदानासोबत दारही आलं. कच्चा खेळणाऱ्याला ‘बॉट’ म्हणायचं. ज्याच्या फोनमध्ये पबजी चालत नाही तो हलक्या फोनवरचा फ्री फायर खेळायचा, आणि त्याला ‘गरिबांचा पबजी’ म्हणून हिणवायचं. दोन जीबी रॅमचा फोन ऐन चकमकीत अडकतो. समोरच्याचा महागडा फोन सेकंदाला दीडपट-दुप्पट चित्रं दाखवतो. मरण येतं फोनच्या किमतीमुळे आणि शिवी बसते बोटांच्या कसबाला. याला कसबाचा मुकाबला म्हणणं मला मान्य नाही.

2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली, 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायरवर. मधल्या काळात, जुलै 2021 मध्ये, पबजी बीजीएमआय नावानं परतला, वर्षभरानं पुन्हा गेला, मे 2023 मध्ये पुन्हा आला. ‘बॉट’ हा शब्द मात्र या सगळ्या काळात एक दिवसही बंद पडला नाही.

तिकडे मोठ्या जगात वादानं वेगळं रूप घेतलं होतं. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा डार्क सोल्स 2011 मध्ये आला आणि ‘जमत नसेल तर शिक’ ही त्याच्या चाहत्यांची घोषणाच झाली. 2019 च्या मार्चमध्ये त्यांचाच सेकिरो आला. त्यात ना सोपी पातळी, ना मदतीला दुसरा खेळाडू. हाताची बोटं नीट न चालणाऱ्यांनी, दृष्टी कमी असलेल्यांनी विचारलं, आम्ही काय करायचं? उत्तरादाखल त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्याच्या वर्षभर आधी आलेल्या सेलेस्टनं दुसरी वाट दाखवली होती. डोंगर चढणाऱ्या मुलीचा हा गेम भयंकर कठीण आहे, पण त्यात वेग कमी करता येतो, मरण बंदही करता येतं. त्या सोयीच्या पडद्यावर आधी असा मजकूर होता की पहिल्यांदा तरी हिच्याविना खेळा. ज्यांना या सोयीशिवाय खेळताच येत नाही त्यांना तो लागला, आणि 2019 मध्ये बनवणाऱ्यांनी तो बदलला. चार ओळींचा बदल, पण माझ्या लेखी या सगळ्या वादातली ही सर्वांत सभ्य कृती.

गेम सोपेच असावेत असं माझं म्हणणं अजिबात नाही. लाइट जाण्याच्या धास्तीत कॉन्ट्रा तीन लाइफमध्ये संपवण्याचं सुख मी भोगलंय, ते खोटं नाही. एखाद्या कलावंतानं एकच पातळी ठेवली तर तो त्याचा हक्क. माझं भांडण आहे ते दारावर आपणहून उभे राहिलेल्यांशी.

कारण ज्याच्या नावानं ते उभे असतात, तो माणूस तसा नाही. डार्क सोल्सचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. लहानपणी घरी पुस्तकं घ्यायला पैसे नसत, म्हणून ते वाचनालयातून इंग्रजी अद्भुतकथा आणत. अर्धं कळायचं नाही, ते स्वतःच्या कल्पनेनं भरून काढायचे. त्यांच्या गेममधली तुटक, अर्धवट गोष्ट तिथून आली असं ते सांगतात. आणि अनोळखी खेळाडूला मदतीला बोलावण्याची कल्पना? बर्फात चढावर त्यांची गाडी अडकली होती. मागच्या गाड्यांनी एकमेकींना ढकलत सगळ्यांना वर चढवलं. आभार मानायलाही थांबता आलं नाही. ती मदत त्यांनी गेममध्ये आणली. जगातल्या सर्वांत निष्ठुर म्हटल्या जाणाऱ्या गेमच्या पोटात ही आठवण आहे.

या गेमांतल्या तलवारी-अंगठ्यांखालची जुन्या वळणाची इंग्रजी वाक्यं वाचताना तुमसरचा पोरगा अडखळतो तेव्हा तो नेमका मियाझाकींच्या वाचनालयातल्या बाकावर बसलेला असतो. मियाझाकींचाच नंतरचा गेम एल्डन रिंग मराठीत नाही, हिंदीतही नाही. दारावरचं हे पहिलं कुलूप, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

2022 च्या फेब्रुवारीत एल्डन रिंग आला, महिनाभरात त्याच्या 1 कोटी 20 लाख प्रती खपल्या. माझी भाची, त्याच बहिणीची मुलगी, नागपुरात शिकते. तिनं तो लॅपटॉपवर चार महिन्यांत संपवला. मदतीला गेममधलेच आत्मे बोलावले, जादू वापरली. कॉलेजातल्या मुलांनी सांगितलं, मग तू संपवला असं म्हणता येणार नाही. हे सांगताना तिचा चेहरा पडलेला होता. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

पंचवीस वर्षांनी मी तिला त्या पिनेबद्दल सॉरी म्हटलं. तिला सगळं आठवत होतं. डब्याचा रंगसुद्धा.

2024 च्या जूनमध्ये एल्डन रिंगला जोडलेला नवा भाग आला. फार कडक आहे अशी ओरड झाली आणि आठवड्याभरात कंपनीनं सुरुवातीची वाट थोडी सुसह्य केली. 4 सप्टेंबर 2025 ला सिल्कसाँग हा गेम आला, तिथेही तेच. सुरुवातीचे दोन बॉस महिन्याच्या आत हलके केले गेले. दोन्ही वेळा गेम बिघडला म्हणून गळे काढले गेले. दोन्ही गेम आजही घाम काढतात.

भाचीकडे आता सिल्कसाँग आहे. दिवाळीला भंडाऱ्यात आली तेव्हा एका बॉसवर दोन रात्री अडकली होती. बहीण तिच्याशेजारी बसून विचारत होती, हे बटण कशाचं, उडी कशी मारायची. तो एकट्यानं खेळायचा गेम आहे, तरी भाचीनं रिमोट आईच्या हातात दिला. बहीण पहिल्याच खड्ड्यात सात वेळा पडली, आठव्यांदा पलीकडे गेली.

भंडारा, तुमसर, साकोली, कुठेही तुमच्या घरी दोन रिमोट असतील आणि मागे कुणी लहान उभं असेल, तर दुसऱ्या रिमोटची पिन लावलेली आहे ना, तेवढं बघा.