मागून मिळणारा भाव

या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली. आम्ही विद्वान नव्हे. आमचे थोडे शिक्षण रात्रशाळेत झाले, उरलेले दुकान-कामगारांच्या युनियनच्या कचेरीत. म्हणून विषयही दुकानातलाच घेतला आहे. ‘हीच वस्तू दुसरीकडे स्वस्त दाखवा, आम्ही त्याच भावात देऊ’ अशी पाटी मोठ्या दुकानांत लागलेली असते. त्या पाटीमागे काय चालते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनी वॉशिंग मशीन घ्यावयास निघाल्या. सोबतीला आम्ही होतो. दुसऱ्या एका दुकानाचा अठराशे रुपयांनी कमी भाव त्यांनी मोबाइलवर दाखवला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, साहेबांना विचारून येतो.” वीस मिनिटांनी साहेब आले. म्हणाले, “मॅडम, मॉडेलचा शेवटचा आकडा वेगळा आहे.” आकडा तोच निघाला. मग म्हणाले, मोबाइलवरचे चालत नाही, त्या दुकानाचे लेखी कोटेशन आणा. वहिनींनी अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून ते आणले. तेव्हा कळले की मंजुरी मुख्य कचेरीतून येते, उद्या या. उद्या गेलो, तर समोरच्या दुकानाची सवलत आदल्या रात्रीच संपली होती. वहिनींनी पूर्ण भाव मोजला.

यात कोणी लबाडी केली, असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक अटीला काही कारण असते. माल समोरच्याकडे शिल्लक असला पाहिजे, ही अट रास्त आहे. जो माल नाहीच, त्याचा भाव काय कामाचा? बँकेच्या कार्डावरची सूट धरत नाहीत, कारण ती दुकानाच्या भावाचा भाग नव्हे. मॉडेल तेच असावे, हेही ठीक. परंतु काही कारखानदार जवळजवळ एकच यंत्र निरनिराळ्या दुकानांना निरनिराळ्या क्रमांकांनी देतात. मग तुलनाच संभवत नाही आणि वचन पाटीवर सुखरूप राहते. एकेक अट म्हणजे एकेक दोरा. सगळे विणले की जाळे होते.

आपल्या जुन्या दुकानात घासाघीस होई, तेव्हा ‘हो’ म्हणणारा माणूस गल्ल्यावरच बसलेला असे. छापील कमाल किमतीच्या खाली किती उतरावयाचे, हे तो क्षणात ठरवी. मोठ्या दुकानात ‘नाही’ म्हणावयास तिघे असतात. ‘हो’ म्हणणारा मात्र त्या इमारतीतच नसतो. सारी दगदग यातून उपजते.

ही रीत परदेशांत जुनी आहे. इंग्लंडमधील जॉन लुईस या पेढीने १९२५ साली वचन दिले की, दुसरा कोणी स्वस्त विकतो हे ठाऊक असताना आम्ही महाग विकणार नाही. या पेढीचे नोकर हेच तिचे भागीदार आहेत. जवळजवळ शंभर वर्षे हे वचन चालले. केवळ इंटरनेटवर विकणारे व्यापारी मात्र त्यातून वगळलेले होते. खरेदी तर तिकडेच वळत चालली होती. अखेर २०२२ मध्ये वचन मागे घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा आले. या वेळी पंचवीस प्रतिस्पर्धी ठरवून घेऊन त्यांचे भाव पेढी स्वतः यंत्राच्या साहाय्याने तपासू लागली. तपासण्याचे काम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून पेढीच्या डोक्यावर गेले, हा यातला मोठा फरक.

अमेरिकेत लोक दुकानात वस्तू हाताळून पाहत आणि घरी जाऊन इंटरनेटवर मागवीत. त्याला तोड म्हणून टार्गेट या दुकान-साखळीने २०१३ साली काही इंटरनेट व्यापाऱ्यांच्याही भावाशी बरोबरी करण्याचे ठरवले. जुलै २०२५ च्या अखेरीस तिने इतरांच्या भावाशी बरोबरी करणे थांबवले. व्यापाऱ्याने आपल्या सोयीने दिलेले वचन त्याच्या सोयीनेच परत जाते.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. स्टीव्हन सॅलप या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये दाखवून दिले की, अशा वचनांनी भाव उतरण्याऐवजी चढेही राहू शकतात. समजा, समोरासमोर दोन दुकाने आहेत. एकाने भाव उतरवला की दुसरा तत्काळ बरोबरी करणार, हे पाटीवरच लिहिले आहे. मग गिऱ्हाईक आपल्याकडे वळणार नाही, हे ओळखून पहिला भाव उतरवीलच कशाला?

आता काउंटरवरच्या मुलाविषयी. निघताना तो हळूच म्हणाला, “काका, मला शंभर रुपये कमी करायचीही मुभा नाही, आणि शिव्या मात्र मीच खातो.” वहिनींचा अर्धा दिवस गेला, त्याची अब्रू गेली, आणि पाटी लिहिणाऱ्यास दोघांचीही झळ लागली नाही. दोन कष्टकरी माणसे तिसऱ्याच्या शब्दापायी भांडतात, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. मॉडेलचा क्रमांक पुरता उतरवून घ्या. मंजुरी कोण देतो, हे पहिल्या पाच मिनिटांत विचारा. नकार मिळाला तर कारण लेखी मागा. पाटीवर एक आणि काउंटरवर दुसरेच असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. आणि मुलावर ओरडू नका.

परंतु खरा उपाय एकेकट्याचा नव्हे. कारखान्यात मालक म्हणतो, ज्याला पगारवाढ हवी त्याने अर्ज करावा. धीट माणूस अर्ज करतो, त्याला मिळते; भिडस्त तसाच राहतो. त्याला आम्ही पगारवाढ म्हणत नाही. करार होऊन सर्वांना मिळते, ती वाढ. भावाचेही तसेच आहे. ज्याला वेळ आहे, मोबाइल आहे आणि वाद घालण्याची जीभ आहे, त्यालाच मिळतो तो स्वस्त भाव नव्हे, ती मेहेरबानी होय. अटी पाटीवरच छापा, ठराविक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला द्या, आणि एका गिऱ्हाइकासाठी भाव उतरला की त्या दिवशी तो सर्वांसाठी उतरवा, या तीन मागण्या गिऱ्हाइकांनी आणि दुकान-कामगारांनी मिळून कराव्यात. काउंटरच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे उभी आहेत.